ओकेवाले अण्णा

गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेल्या पोराने पावती देताना नुसतं ‘ओके’ म्हणायचा अवकाश, की अण्णा दार अडवतात. ‘ओके म्हणजे काय, ठाऊक आहे?’ ‘नाही’ म्हटलं तर गोष्ट सुरू होते. ‘हो’ म्हटलं तर ‘सांग बघू!’

गोष्ट आमच्या जिन्याला पाठ आहे. बोस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची खोड लागली होती. ‘ऑल करेक्ट’ची सुरुवात त्यांनी ‘ए’ऐवजी ‘ओ’नं केली, ‘सी’ऐवजी ‘के’नं, आणि 23 मार्च 1839 ला ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ.के.’ छापून आलं. असल्या कोट्या ढिगानं झाल्या आणि मेल्या. ही जगली, कारण पुढच्याच वर्षी निवडणूक आली. अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे. टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी लगेच ओके क्लब काढले.

इथे अण्णा चष्मा काढतात. ‘माणूस पडला हो. पण शब्द निवडून आला!’

यावर हसावं लागतं. नाही हसलात तर वाक्य पुन्हा येतं.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी एकदा भलतंच धाडस केलं. लढाईत कुणीच मेलं नाही की ‘झीरो किल्ड’ लिहीत, त्यावरून ओके, असं ते म्हणाले. ‘थापा!’ अण्णा कडाडले. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनाही हा शब्द चोक्टॉ आदिवासींचा वाटे, तिथे काकांचं काय घेऊन बसलात! 1960 च्या दशकात ॲलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी जुनी वर्तमानपत्रं उपसून हा वाद मिटवला. रीडसाहेबांचं नाव घेताना अण्णा कानाच्या पाळीला हात लावतात.

सोसायटीच्या सहलीत बससमोरून मुंगूस गेलं. सगळ्यांनी शुभशकुन म्हणून हात जोडले. अण्णा मात्र उभे राहून गरजले, ‘मंगूज! इंग्रजांनी आपल्या मराठीतून उचललाय!’ चालकाने ब्रेक मारला, तरी ते बसले नाहीत.

माणूस मात्र लाख. कुणाच्या पोराचं इंग्रजी अडलं, की ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली डिक्शनरी आणि भिंग घेऊन स्वतः खाली उतरतात. चहासुद्धा घेत नाहीत. (पोराचा निबंध पूर्ण होतोच असं नाही.)

वहिनींचा त्रास वेगळा. अर्धा किलो गवार आणायला सांगितली की अण्णा ‘ओके’ म्हणतात आणि स्वतःच्याच ओकेत अडकतात. भाजीवालीला व्हॅन ब्यूरेन समजावून तासाभराने घरी येतात, पिशवी रिकामी.

कधी आमच्याकडे आलात, तर त्यांना ‘नाइस’बद्दल विचारा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘अडाणी’ आहे, आणि तो ‘छान’पर्यंत यायला कित्येक शतकं लागली. अण्णा एकही शतक गाळत नाहीत. जेवून या.