आधी सांगा, मंग चोपडा

शेगाव तालुक्यातलं एक गाव. दोन अंगणांच्या मधे तुराट्यांचं कुंपण. अलीकडे गावची आशाताई, पलीकडे काकू. खोकल्यापासून काविळीपर्यंत सगळ्यावर काकूंकडे इलाज तयार.

— काय निवडून राह्यली व पोरी?

— गहू, काकू. दयाले टाकाचा हाये.

— बजारात जाशीन त मायासाठी एक बाटली आनजो. स्टँडवर एक बुवा बसते, केस उगवायचं तेल इकते. सुनीचे केस लय गयून राह्यले. पन कोनाले सांगू नोको.

— आता घ्या! 'कोनाले सांगू नोको' याच्यानंच त सारा घोटाया होते. इसरल्या काय आपल्या तालुक्यात काय झालं ते?

— कसं इसरन बाई! आधी डोक्शाले खाज, मंग केस मुठीत, अन् तीन-चार दिवसात साफ मैदान! जवान पोरी ओढनी गुंडाऊन घरात बसल्या. सोयरिकीही मोडल्या म्हने.

— 2024 चा डिसेंबर अन् 2025 चा जानेवारी. बोंडगाव, कालवड, हिंगणा करत करत 18 गावं झाली, 279 लोक. त्या येयी कुंपनाकुंपनावर काय चर्चा होती, आठोते काय?

— आठोते न. कोनी म्हने श्याम्पू, कोनी म्हने बुरशी, कोनी म्हने पानी. आमच्या वयनी त म्हनत, करनी केली कोनीतरी.

— ज्याईनं जलमात श्याम्पू पाह्यला नाई, त्या म्हाताऱ्यायचेही केस गेले. पानी तपासलं, त्याच्यात नायट्रेट जास्त निंघालं, हे खरं. पन पूर्णाकाठचा खारपानपट्टा काय आजचा हाये? हेच खारं पानी पेऊन आपल्या आज्याच्या डोक्शावर केस होतेच न! मंग त्याच महिन्यात नवं काय आलं, हे पाहाले पाह्यजे होतं.

— आयसीएमआरवाले मोठे डॉक्टर आल्ते न तव्हा?

— आल्ते. अन् महाडचे बावस्कर डॉक्टरही.

— इच्चूवाले?

— तेच. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूयचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. रक्तदाबाची एक गोयी इच्चूच्या इखारावर चालते, हे त्याईनंच दाखोलं. 2022 मधे पद्मश्री भेटली. त्याईनं इथल्या लोकायचं रक्त, लघवी, केस तपासले, अन् राशनचा गहूही. त्याईचं म्हननं असं, का गव्हात सेलेनियम लय होतं.

— सिलिंडर?

— सेलेनियम, काकू! मातीतलं द्रव्य हाये. आंगाले कनभर लागतेच. पन जास्त झालं का जहर. केस जाते, नखं ठिसूय होते, थकवा येते, तोंडाले लसनासारखा वास मारते. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही जमिनीत ते जास्त हाये, तिथून ते पिकात उतरते. राशनचा तो गहू तिकडचाच, असं त्याईचं म्हननं. त्याईनं तपासलेल्या गव्हात किलोमांगं 14.52 मिलीग्राम निंघालं. त्याईच्या हिशेबानं 1.9 च्या वर नाई पाह्यजे.

— मंग बायायनं गहू धुऊन काहून नाई घेतला?

— धुतलेल्या गव्हातही 13.61 निंघालं! ते दान्याच्या आत असते. धूय थोडीच हाये, पान्यानं जाले?

— अगं माय! म्हंजे आता राशनचा गहू ढोरायले टाकाचा काय?

— नाई हो! साऱ्या राशनच्या गव्हाले कायले बदनाम करता? पन एक ध्यानात घ्या. तुमच्या सासूच्या राज्यात घरात काय शिजे?

— सकायी जवारीची भाकर अन् झुनका. संध्याकायी कन्या, नाईत तुरीचं वरन. अंबाडीची भाजी, जवसाची चटनी. गव्हाची पोयी सनावाराले.

— अन् आता?

— आता दोन्ही टाइम पोयीच. पोट्टे भाकर खातच नाई.

— तेच सांगतो मी. एकाच जागचा एकच दाना रोज पोटात गेला, त त्याच्यात जे खोट असन ते पुरं आपल्याच आंगात. भाकर, डाय, भाजी बदलत राह्यली त खोट वाटल्या जाते. म्हनून म्या आज अर्धी जवारी घेतली दयाले.

— बरं, जवारी देतो सुनीले. पन तेलाचं काय?

— आधी सांगा, बायतीन होऊन तिले किती दिवस झाले?

— झाले असन चार महिने.

— मंग त सोपं हाये. बायतपनानंतर दोन-चार महिन्यानं केस गयतेच. बहुतेक बायायचे वर्षाच्या आत मांगं येते. तरी उद्या उपकेंद्रात घेऊन या, हिमोग्लोबिन पाहू. लागलं त डॉक्टर थायरॉइडही तपासाले सांगन. त्या बाटलीत काय हाये, हे त्या बुवालेही ठाव नसन.

— अन् माह्या टोंगयाची गोयी त आनशीन न मेडिकलातून? रोज एक घेतो, लय गुन येते.

— रोज? कोनाले इचारून?

— कोनाले कायले इचारू? मेडिकलवाला देते न!

— काकू, दुखन्याच्या गोया रोज घेतल्या का किडनीवर येते. अन् खारपानपट्ट्यात किडनीचे दुखनेकरी काय कमी हायेत? त्या गोया पुडीसकट मले दाखवा. बीपी-शुगर तपासून डॉक्टर सांगन ते घ्या.

— तू त सारंच बंद करतं बाई! गप्पा तरी मारू का नोको?

— गप्पा त माराच! एकीचे केस गयले त ते तिचं दुखनं. पन तीन घरचे एकाच आठोड्यात गयले, त ते गावाचं दुखनं. ते पयले कोनाले समजते? दवाखान्याले नाई, कुंपनावर समजते. म्हनून लपोवू नोका. कोनं काय खाल्लं, कुठलं पानी पेलं, ते इचारा अन् मले सांगा. मी वर कयवतो.

काकूंनी क्षणभर विचार केला. मग पदर खोचून थेट दुसऱ्या बाजूच्या कुंपणाशी गेल्या.

— अवं वयनी! तुमच्या घरी केस गयून राह्यले काय कोनाचे? आमच्या सुनीचे गयते!

— काकू, जरा हयू!

— आता हयू कायले? तूच म्हनली न, इचारा म्हनून!