रात्रपाळीचं गौडबंगाल

अहो वहिनी, कुरडया काढा आधी, आभाळ बघा कसं भरून आलंय. आणि काढता काढता ऐका. समोरच्या काकूंच्या धाकटीच्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा असतो ना, त्याचं गौडबंगाल उलगडलं एकदाचं. काल विरजण मागायला आली, तेव्हा बसवूनच घेतली तिला.

अमेरिकेतल्या वकिलांकडे कामाला आहे हो! नाही, नाही, वकिलीण नव्हे. ह्यूस्टनला कुणाची गाडी ठोकली, कुणी दुकानात घसरून पडलं, की भरपाई मिळवून देणारं ते ऑफिस. त्यांना गिऱ्हाईक आणून द्यायचं काम हिचं, इथं बसून. डिजिटल मार्केटिंग. तिकडे उजाडतं तेव्हा आपल्याकडे कुकर लावायची वेळ, म्हणून ही जागरणं.

तिथं म्हणे अपघात झाला की माणूस फोनवर वकील शोधतो. त्यात आपलं नाव वर दिसावं म्हणून गूगलला पैसे मोजायचे. तेही दिसल्याचे नाहीत, बोट लागल्याचे! 'कार ॲक्सिडेंट लॉयर' शोधून एकानं जाहिरातीवर बोट टेकवलं की कधी कधी शंभर डॉलरच्याही वर जातात. माणूस पुढे फोन करो न करो. आपण धुण्याभांड्याच्या बाईंना महिन्याला काय देतो, ते मनात आलं आणि गप्पच बसले.

ट्रकचा शब्द तर त्याहून महाग. का, विचारा. टेक्ससमध्ये साध्या गाडीवाल्यानं एका जखमी माणसामागे निदान 30,000 डॉलरचा विमा काढायचा. राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकला मात्र कमीत कमी 7,50,000 डॉलरचा लागतो. वकिलाची फी भरपाईतूनच, साधारण तिसरा हिस्सा, आणि हरलं तर काही नाही. मग सगळे ट्रकच्याच मागे लागणार की!

लॅपटॉप उघडून दाखवलंन मला. नको असलेल्या शब्दांची ही लांबलचक यादी. नोकरी, पगार, फुकट, डेंट काढणे. पत्रा ठोकून घ्यायला निघालेल्यानं चुकून बोट लावलं तर पैसे पाण्यात, म्हणून रोज रात्री शब्द निवडत बसते, आपण तांदळातले खडे निवडतो तशी. शिवाय गावागावांसाठी वेगळं पान लिहायचं. प्रत्येक पानावर आधी काय, तर 'डॉक्टरकडे जा'. मला वाटलं, केवढी माया! तर म्हणते, 'मावशी, उपचाराचे कागद नसले की विमावाले म्हणतात, लागलंच नव्हतं.'

काकूंना मात्र लाज वाटते. लोकांच्या पडण्याझडण्यावर पोट भरायचं म्हणजे काय, म्हणतात. आता तिकडेही पूर्वी वकिलांना जाहिरात करायची सोय नव्हती. 1977 साली ॲरिझोनाच्या दोन वकिलांच्या खटल्यात त्यांच्या सुप्रीम कोर्टानं वाट मोकळी केली. आपल्याकडे अजून बार कौन्सिलचा नियम 36 आहे. वकिलानं जाहिरात करायची नाही, पाटीसुद्धा बेताचीच हवी. भरपाईत हिस्सा घ्यायलाही बंदी.

कागदावर हो सगळं! आमच्या भाऊजींना टेम्पोनं उडवलं, तेव्हा अजून प्लास्टर ओलं होतं आणि हॉस्पिटलच्या दारात एक गृहस्थ वहीपेन घेऊन हजर. 'वकील आपले आहेत, तुम्ही फक्त सही करा.' वॉर्डबॉयनं खबर दिली असणार. चेक आल्यावर या सद्गृहस्थांचा वाटा आधी कापून गेला, आणि पावती मागितली तर हसले. सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा हा 2022 पासूनचा नियम तरी आम्हाला कुणी सांगितला होता? त्यानंच सांगितला, तोही घाबरवायला. मला विचाराल तर ही पोरगी परवडली. निदान भाव उघड्यावर आहे.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. तिला स्थळ आलंय! मुलगा चांगला आहे, नाकीडोळी नीटस, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. नोकरी कुठं? विमा कंपनीत, दावे तपासायच्या खात्यात! काकू म्हणतात, पत्रिका छान जुळतेय. मी म्हटलं, जुळू दे बाई, पण पहिल्या भांडणाला मला हाक मारा, मी कुंपणाशीच उभी असेन.

घ्या, पडायला लागला बघा. ओढा ती साडी त्या टोकानं.