खरं डाउनलोड कुठलं?

जाहिरातीतून येणारा व्हायरस फाटक्या कपड्यांत येत नाही. सप्टेंबर २००९मध्ये तो थेट ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर आला, तोही व्होनेज या फोन कंपनीचं नाव सांगून. जागा रीतसर विकत घेतली, आठवडाभर सज्जनपणे जाहिरात दाखवली आणि शनिवार-रविवार गाठून पाटी बदलली: तुमच्या संगणकात व्हायरस आहे! त्यावरचा उतारा म्हणून विकायला ठेवलेलं ‘अँटिव्हायरस’ हेच खरं दुखणं होतं.

हे साधतं, कारण पान वर्तमानपत्राचं असलं तरी त्यातली जाहिरातीची चौकट बहुधा त्याच्या ताब्यात नसते. पान उघडता उघडता तिचा लिलाव होतो आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास तो संपतोही. एवढ्या वेळात स्थळाची चौकशी करा म्हटलं, तर कुठलीही आत्या हात टेकेल. मार्च २०१६मध्ये बीबीसी, एमएसएन अशा घरंदाज पानांवर खंडणीखोर सॉफ्टवेअर पोचलं ते याच वाटेनं. फ्लॅशसारख्या प्रोग्रॅममधली जुनी भोकं त्याला पुरत. जाहिरातीवर क्लिक करण्याचे कष्टही वाचकाला पडत नसत.

२०२०च्या अखेरीस फ्लॅश निवर्तलं, ब्राउझरही सावध झाले. तेव्हापासून व्हायरस आत घेण्याचं काम मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्याकडूनच करून घेतलं जातं. शोधयंत्रात फुकट सॉफ्टवेअरचं नाव टाकलं, की कधीकधी सगळ्यात वर पैसे भरून बसलेला तोतया दिसतो. २०२३मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचाच असा तोतया निघाला. त्याच्या पत्त्यातल्या पहिल्या अक्षराखाली बारीकशी खूण होती. माणूस ती धूळ समजून स्क्रीन पुसेल, संशय घेणार नाही. पासवर्ड सुरक्षित ठेवायला निघालेला भाविक असा देवळाच्या पायरीवरच लुटला जातो.

त्यामुळे ‘प्रायोजित’ लिहिलेला निकाल ओलांडून पुढे जावं, किंवा माहीत असलेला पत्ता स्वतः टाइप करावा. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन वापरावं. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनंही हाच सल्ला दिला. मात्र तेही पारखून घ्यावं, कारण या धंद्यातही तोतये आहेत. ब्राउझरचं अपडेट ‘नंतर’वर ढकलण्याची राष्ट्रीय सवय इथे महाग पडते. मोबाइलवर जाहिरातीतून आलेली, ॲप बसवणारी एपीके फाइल उघडूच नये, आणि कुठल्याही संकेतस्थळानं सूचना पाठवण्याची परवानगी मागितली, तर निःसंकोच नकार द्यावा.

उरला तो ठणाणा करणारा लाल इशारा. वेबपानाला संगणकातले व्हायरस मोजता येत नाहीत, ते नुसतं बोंबलतं. त्यावरच्या नंबरला फोन न लावता टॅब बंद करावा. होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करावा, आणि पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का?’ या प्रेमळ प्रश्नाला नाही म्हणावं. तोवर पैसे गेलेच असतील, तर भारतात १९३० हा नंबर ताबडतोब फिरवावा.