सतरा, अठरा, नवरा

एक ते दहा कुणी कुणाला शिकवत नाही. ते घरात वावरतच असतात. जिना चढताना एक-दोन-तीन, भात भरवताना चार-पाच, औषधाचा चमचा पुढे करताना ‘तीन मोजेपर्यंत तोंड उघड’. शिवाय दहा बोटं देवानं हातालाच लावून पाठवलेली. दहापर्यंत पोहोचलेलं मूल पाहुण्यांसमोर उभं केलं जातं, ते धडाधड म्हणून दाखवतं, पाहुणे टाळ्या वाजवतात, आई धन्य होते. मग एखादा पाहुणा उगाच विचारतो, “पुढचं येतं का?” आणि घराची शांतता भंगते.

आमच्या घरात हा पाहुणा शाळेच्या रूपानं आला. नात मनू साडेपाच वर्षांची. ‘अकरा ते वीसचा घरी सराव घ्यावा’ असा निरोप वहीत चिकटून आला आणि लेकीनं तो माझ्याकडे सरकवला. “बाबा, तुम्ही जन्मभर बँकेत नोटा मोजल्यात. अकरा ते वीस तेवढे तुम्ही घ्या.” यातलं ‘तेवढे’ माझ्या अजून लक्षात आहे. कॅशियर म्हणून माझ्या हाताखालून कोट्यवधी रुपये गेले, पण त्यातल्या एकाही नोटेनं मला प्रश्न विचारला नव्हता. मनूनं पहिल्याच बैठकीत विचारला.

“आबा, अकराला अकरा का म्हणायचं?”

“दहाच्या पुढे एक आला, म्हणून अकरा.”

“मग दहा-एक का नाही?”

आता या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते साडेपाच वर्षांच्या मुलीला देण्यासारखं नाही. संस्कृतात सगळं सरळ होतं. एकादश, द्वादश, त्रयोदश. आधी एक, मग दहा. पण शतकानुशतकं लोकांच्या तोंडात घोळून त्या भारदस्त ‘दश’चा नुसता ‘रा’ उरला. तोही सगळीकडे सारखा नाही. चौदामध्ये ‘दा’ शिल्लक राहिला, सोळानं ‘ळा’ पसंत केला. हे सगळं सांगत बसण्याऐवजी प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीला दिलेलं उत्तर मीही दिलं. “पाठ कर.”

पाठांतराला मनूची हरकत नव्हती. हरकत पंधराला असावी. तिच्या मोजणीत तो हजरच राहायचा नाही. अकरा, बारा, तेरा, चौदा, सोळा! कितीही हळू म्हटलं तरी चौदावरून टुणकन उडी सोळावर. तिच्या आईनं युक्ती काढली. “आपण झेंडावंदनाला कधी जातो? पंधरा ऑगस्टला. चौदाच्या पुढे ते आठवायचं.” युक्ती शंभर टक्के लागू पडली. तेव्हापासून मनू मोजते ते असं : तेरा, चौदा, पंधरा ऑगस्ट, सोळा. जिन्याच्या पायऱ्या मोजताना पंधराव्या पायरीवर ती क्षणभर ताठ उभीही राहते.

खरं तर मोठ्या माणसांनी या आकड्यांना धड राहू दिलेलंच नाही. आपल्याकडे बारा वाजतात, तीन-तेरा होतात, चौदावं रत्न दाखवलं जातं, दारिद्र्य येतं ते अठराविश्वे. सोळा आणे खरं, एवढा एकच काय तो सभ्य प्रयोग, तर १९५७ साली दशमान नाणी आली आणि ते आणेच चलनातून गेले. मुलांना हे सगळं कानावर पडत असतं आणि ती ते खरं मानतात. एकदा आजी मनूवर ओरडली, “सतरा वेळा सांगितलं तुला, चपला जागेवर ठेव!”

“नाही, तीन वेळा,” मनू म्हणाली. “मी मोजलं.”

आजी निवृत्त शिक्षिका. ती अशी संधी सोडत नाही. “बरं. मग सतरापैकी किती वेळा सांगायचं राहिलं?”

मनू खाली बसली. हाताची बोटं संपली, पायाची घेतली, त्यातली काही माझ्या पायाची घेतली. शेवटी म्हणाली, “चौदा.”

“शाब्बास. आणि चौदाव्याला काय मिळतं, ते आबांना विचार.”

पण या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे एकोणीस. मनूनं तोवर आपल्यापुरता एक नियम बसवला होता. शेवटी ‘रा’ लावायचा. अकरा, बारा, तेरा, पंधरा ऑगस्ट हा जरा आडवळणाचा, मग सतरा, अठरा. आठचा अठरा झाला, तर नऊचा काय होणार? एका संध्याकाळी दिवाणखान्यात बसून तिनं खणखणीत आवाजात मोजलं, “सतरा, अठरा, नवरा, वीस!”

मी म्हटलं, “नवरा नाही गं, एकोणीस.”

“अहो, बरोबर आहे तिचं,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “नवरा म्हणजे विसाला एक कमीच.”

विनोद सोडला, तर मनूचा नियम चुकलेला नव्हता. संस्कृतात ‘नवदश’ आहेच. पण आपण त्या रस्त्यानं गेलो नाही. आपण एकोणीस घेतला, म्हणजे विसात एक उणा. आता गंमत बघा. मूल अठरापर्यंत आलेलं आहे. वीस हा आकडा त्याच्या गावीही नाही. आणि आपण त्याला सांगतो की, जो वीस अजून आलेला नाही त्यातून एक काढ. खात्यात जमा न झालेल्या रकमेतून पैसे काढायचे, याला आमच्या बँकेत ओव्हरड्राफ्ट म्हणतात आणि त्यासाठी तारण लागतं. पुढेही एकोणतीस, एकोणचाळीस असं दर दशकाच्या टोकाला हे कर्ज घ्यावं लागतं, ते थेट एकोणनव्वदपर्यंत. नव्व्याण्णवला मात्र नऊची एकदाची वर्णी लागते, तीही अशा जोडाक्षरासह की, पुन्हा कुणी त्याचं नाव काढू नये.

म्हणण्यापेक्षा लिहिणं अवघड. ‘अकरा म्हणजे दहा आणि एक’ हे मी समजावलेलं होतं. तेव्हा अकरा लिही म्हटल्यावर मनूनं चौकटीच्या वहीत जीभ किंचित बाहेर काढून आधी दहा लिहिले आणि शेजारी एक. १०१. वर बोट ठेवून वाचून दाखवलं, “दहा. आणि एक.” एखाद्या खातेदारानं अकरा रुपयांच्या स्लिपवर १०१ लिहिले असते, तर मी ती स्लिप काउंटरवरून परत केली असती. इथे परत कुणाला करणार? सांगितलं तसंच लिहिलं होतं. रोमन लोकही अकरा लिहिताना दहाच्या चिन्हापुढे एकाचं चिन्ह ठेवायचे, म्हणजे मनूसारखंच, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी साम्राज्य चालवलं. एका जागेवरचा एक हा एकच असतो आणि जागा बदलली की दहा होतो, ही कल्पना माणसाच्या डोक्यात यायला युगं लागली. मनूला ती शुक्रवारपर्यंत यायला हवी होती, कारण शनिवारी वही तपासणार होते.

त्यात लिपीचा घोळ. शाळेत इंग्रजी आकडे, घरच्या कॅलेंडरात मराठी. मराठी १ तिला इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी चारासारखा. ३ आणि ६ हे तर एकमेकांकडे पाठ करून बसलेले सख्खे भाऊ. तेरा लिहायला घेतलं की, वहीत कधी तेरा उतरतात, कधी सोळा.

आपल्या आकड्यांच्या नावांवरून मोठी माणसं काय करू शकतात, हे महाराष्ट्रानं २०१९ च्या जूनमध्ये पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ आणि ‘त्रेसष्ट’ला ‘साठ तीन’ म्हणायची वाट दाखवली होती. जोडाक्षरं जड जातात, आणि आपण बोलतो एकक आधी, लिहितो दशक आधी, म्हणून मुलं आकडे उलटे लिहितात, हे त्यामागचं कारण. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या. पण तोवर विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाचं ‘फडण दोन शून्य’ करून झालं होतं. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर तर संस्कृती बुडालीच. ती बुडाली म्हणून सर्वांत जास्त हळहळणारे गृहस्थ स्वतःचा मोबाइल नंबर ‘नाइन एट टू टू’ असा सांगतात, आणि भाजीवाल्यानं एकोणसत्तर म्हटलं की हळूच बायकोकडे बघतात.

नॉर्वेतही हे होऊन गेलंय. तिथे ‘एक आणि वीस’ म्हणत. फोनवर आकडे सांगताना घोटाळे व्हायला लागले, तेव्हा १९५१ मध्ये तिथल्या संसदेच्या ठरावानं ‘वीस-एक’ आलं. पुष्कळ लोक अजूनही जुनंच बोलतात, आणि देश जागच्या जागी आहे. जर्मन माणूस चोवीस म्हणताना आजही आपल्यासारखाच चार आधी म्हणतो. उलट चिनी मूल अकराला सरळ ‘दहा-एक’ म्हणतं, आणि आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही हन्नोंदु, हन्नेरडु अशी दहाचीच पावलं आधी पडतात. म्हणजे मनूनं जे विचारलं, ते चीनमध्ये पाठ्यपुस्तकात आहे. पुण्यात तो आगाऊपणा ठरतो, एवढंच.

आपल्याकडचा वाद मात्र एकवीसच्या पुढचा होता. अकरा ते वीस जिथल्या तिथे राहिले आणि मनूची वहीही. अखेर आजीनं पदर खोचला. तिची उभी हयात बालवाडीत गेलेली. १९४५ साली ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीत बालवाडी सुरू केली ती शंख-शिंपले, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंवर. आजी त्याच वळणाची. तिनं एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापला आणि त्यावर मोठा १० लिहिला. मग त्या शून्याच्या मापाचे नऊ तुकडे कापून त्यांवर १ ते ९. खराट्याचे हीर काढून दहाचा जुडा बांधला. जुड्याला रबर लावण्याचं काम माझ्याकडे आलं. नोकरीतलं कौशल्य निवृत्तीनंतर उपयोगी पडलं ते एवढंच.

तिनं जुडा ठेवला आणि शेजारी चार सुटे हीर. पुठ्ठ्यावरच्या शून्यावर ४ चा तुकडा ठेवला.

“किती झाले?”

“चौदा.” मग संशय आला. “शून्य कुठे गेलं?”

“बघ की.”

मनूनं तुकडा नखानं उचलून खाली डोकावून पाहिलं. “आहे! खाली बसलंय!” पुढचा अर्धा तास ती प्रत्येक आकड्याखाली शून्य जागेवर आहे का, याची तपासणी करत होती. बँकेला असा ऑडिटर मिळाला नाही. त्यानंतर १०१ लिहायचं थांबलं. ही आजीची स्वतःची करामत असावी असं मला वाटलं होतं, पण या पाट्या जुन्या आहेत. सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या नावानं त्या ओळखल्या जातात. मारिया माँटेसरींनी त्या जगभर नेल्या, आणि १९३९ मध्ये त्या स्वतः मद्रासच्या अड्यारला येऊन शिक्षकांना शिकवू लागल्या. पत्रिकेचा पुठ्ठा तेवढा आमचा.

मनू आता विसापर्यंत पक्की आहे, आणि पक्क्या माणसाची पहिली खूण म्हणजे तो दुसऱ्याचं तपासायला लागतो. परवा तिच्या मित्राचा वाढदिवस होता. नवाकोरा टॉवर, चौदावा मजला. लिफ्टमध्ये तिनं प्रत्येक बटणावर बोट ठेवत वर जायला सुरुवात केली. दहा, अकरा, बारा, आणि बोट थांबलं.

“आबा, यांनी तेरा गाळला.”

लिफ्टमन समजुतीनं म्हणाला, “तेरा नंबर चांगला नसतो बाळा, म्हणून बिल्डरनं ठेवला नाही.”

“मग बाराच्या डोक्यावर कोण आहे?”

“चौदा.”

“म्हणजे तेराच की! चौदा नाव ठेवलंय त्याचं.”

लिफ्टमननं पंख्याकडे बघितलं. मी लिफ्टमनकडे बघितलं. वर गेल्यावर मात्र मनूनं केक कापायच्या आधी, यजमानांना सगळ्यांदेखत सांगितलं, “काका, तुम्ही तेराव्या मजल्यावर राहता.” सगळे हसले. यजमानही हसले, पण अर्धवट. त्यांनी बुकिंग करताना दर मजल्यामागे चौरस फुटाला वाढीव पैसे, ज्याला फ्लोअर राइज म्हणतात ते, चौदा मजल्यांचे मोजले होते. मेणबत्त्या विझल्यावर त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “तुम्ही बँकेत होता ना? एका मजल्याचा फरक आता परत मागता येईल का हो?”

मी म्हटलं, “केस मनूलाच द्या. फीसुद्धा परवडेल. विसाच्या पुढचं तिला अजून येत नाही.”