बेरिंग वर की खाली?

आमच्या सोसायटीत लाकूडकामातलं कुणाला कळत असेल तर ते मला, असा एक समज आहे. तो पसरवायला मला बरीच वर्षं लागली. कुणाकडे सुतारकाम निघालं की संध्याकाळी "जरा नजर टाकून जा" असं बोलावणं येतं. मी हात मागे बांधून जातो, प्लायवर टिचकी मारतो, "हं" म्हणतो आणि चहा पिऊन परत येतो. टिचकीवरून नेमकं काय कळतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. पुण्यात राहूनही नाही, हे विशेष.

हा रुबाब पणाला लागला तो ट्रिमरमुळे. ट्रिमर म्हणजे एका हातात मावणारं राउटर. मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतं. पूर्वी सनमायका चिकटवला की कडेला बाहेर राहिलेली पट्टी मिस्त्री कानशीने घासत बसायचे. तो आवाज ज्यांच्या दुपारच्या झोपेत शिरला आहे, त्यांना वेगळं वर्णन नको. आता ट्रिमर कडेवरून एकदा फिरतो आणि एक मिलिमीटरचा सनमायका प्लायच्या रेषेत येऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, काय मशीन आहे! मशीन नुसतं फिरवण्याचं काम करतं. खरी करामत खाली लावलेल्या बिटची, आणि त्यातही बिटच्या टोकाला बसवलेल्या नखाएवढ्या बेरिंगची. बेरिंग प्लायच्या कडेला टेकून चालतं. पात्यांचा व्यास नेमका बेरिंगएवढाच, म्हणून प्लायच्या बाहेर डोकावणारं तेवढंच कापलं जातं.

मला मशीन मिळालं वाढदिवसाला. बिट मात्र माझी मी आणायची होती, कारण "त्यातलं तुम्हालाच कळतं".

बोहरी आळीत हवी तीच वस्तू घेऊन बाहेर पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी दुकानात जाऊन ठणकावून म्हणालो, "ट्रिमिंगची बिट द्या, बेरिंगवाली." आवाजात जरब होती. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "शँक सहाची की पाव इंची?"

शँक म्हणजे बिटचा मशीनमध्ये जाणारा दांडा. सहा मिलिमीटर आणि पाव इंच यांत फरक किती, तर पाऊण सुतळीचाही नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पण एवढ्याशा फरकात सगळं रामायण आहे. पाव इंची बिट सहाच्या कोलेटमध्ये, म्हणजे दांडा पकडणाऱ्या मशीनच्या चिमटीत, जातच नाही. आपला थोडा अपमान होतो, इजा होत नाही. सहाची बिट मात्र पाव इंची कोलेटमध्ये हसतखेळत जाते, नट आवळल्यावर धरल्यासारखी वाटते आणि मशीन रंगात आलं की घसरायला लागते. तेव्हा ती कुठे जाईल हे ती ठरवते, आपण नाही.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. दशमान पद्धतीच्या वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, पण सुतारकामात तो अजून हप्त्याहप्त्याने येतो आहे. प्लाय आठ बाय चार फुटांचा, त्याची जाडी अठरा एमएम, शटरच्या फटीला जागा सोडायची 'एक सूत', म्हणजे इंचाचा आठवा भाग. कपाटाच्या एकाच दारावर फूट, मिलिमीटर आणि सूत असे तिघं नांदतात आणि तरीही ते दार लागतं. आपल्या देशाचं खरं यश मी यालाच म्हणतो.

शँकचं मी कसंबसं निभावलं. पुढचा प्रश्न आला, "बेरिंग वर की खाली?"

या प्रश्नावर माणसाची जात कळते, म्हणजे सुतारकामातली. बेरिंग खाली, टोकाला असेल, तर ज्याच्या कडेवरून चालायचं ती वस्तू कामाच्या खाली हवी. सनमायक्याचं असंच असतं: मशीन सनमायक्यावर बसतं, बेरिंग खालच्या प्लायला टेकतं. बेरिंग वर, शँकच्या बाजूला असेल, तर फर्मा, म्हणजे ज्याची नक्कल काढायची तो साचा, वर ठेवायचा आणि लाकूड खाली. खुर्चीचे एकसारखे चार पाय काढायचे तर हीच बिट सोयीची, कारण फर्मा डोळ्यांसमोर राहतो आणि बेरिंग त्याच्यावरून उतरतंय का ते दिसतं. दोन्हीकडे बेरिंग असलेल्याही बिट मिळतात. लाकडाचे रेषे उलटे फिरले आणि कड उचकटायला लागली, की काम फर्म्यासकट पालथं करायचं आणि दुसऱ्या बेरिंगवर चालायचं. पण ती बिट लांब आणि वजनदार असते. ती हातातल्या छोट्या ट्रिमरला लावणं मला पसंत नाही.

बेरिंगचा स्वभावही समजून घ्यायला हवा. परीक्षेत पुढच्याची उत्तरपत्रिका उतरवताना त्याचा बैठक क्रमांकही उतरवणारी मुलं असतात, त्यांच्या कुळातलं हे. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी जिगसॉने फर्मा कापला. त्याच्या कडेला एक खड्डा राहिला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांनी तो घासला नाही. मशीन करेल नीट, म्हणाले. मशीनने अतिशय नीट केलं. टीपॉयच्या चारही पायांवर तोच खड्डा, त्याच जागी, तितक्याच खोलीचा. काका आता त्याला डिझाइन म्हणतात, आणि चारही पाय इतके सारखे आहेत की वाद घालायला जागा नाही.

दुकानात पाच-सहा बिट काउंटरवर आल्या की हात आपोआप सर्वांत लांब पातं असलेल्या बिटकडे जातो. एवढ्या पैशांत एवढं जास्त लोखंड, हा विचार मराठी मनाला सुखावतो. पण पाव इंची शँकवर दोन इंच पातं म्हणजे थरथर, आणि थरथरीचे ठसे थेट लाकडावर उमटतात. अठरा एमएमच्या प्लायला इंचभर पातं पुरेसं होतं. नुसत्या सनमायक्याला तर अर्धा इंचही पुष्कळ. वरच्या बेरिंगच्या बिटमध्ये आखूड पात्याचा आणखी एक फायदा: बेरिंग फर्म्याला टेकायला बिट फार खोल उतरवावी लागत नाही, जाड लाकूड दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं घेता येतं. फर्माही बारा एमएमचा करावा. पातळ फर्म्यावर बेरिंग कडेवर राहील की नाही, याच चिंतेत सगळा वेळ जातो.

मग किंमत. एक बिट शंभराच्या आसपास, शेजारची दिसायला तशीच, हजाराच्या पुढे. मी दुकानदाराकडे स्टीलची पट्टी मागितली. ती बिलबुकाखालून निघाली. पट्टी उभी धरून पात्याला आणि बेरिंगला एकदमच टेकवली. स्वस्त बिटच्या पात्यापाशी उजेडाची बारीक रेघ दिसली: बेरिंग पात्यापेक्षा मोठं. म्हणजे कापल्यावर कडेला ओठ राहणार आणि तो घासायला पुन्हा कानस काढावी लागणार. धार लावून आणलेल्या जुन्या बिटचंही हेच होतं, पातं झिजतं आणि बेरिंग तेवढंच राहतं. मग बेरिंगला नखाने टिचकी मारली. चांगलं बेरिंग आवाज न करता फिरत राहतं. वाईट असेल तर खरखरतं आणि थांबतं. माझ्या टिचकीचा उपयोग झाला तो असा, आणि दुकानदाराने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पीळदार पात्यांच्या बिटही त्याने दाखवल्या. कापतात फार गोड, महागही तितक्याच. वर खेचणाऱ्या पिळाने वरची कड उचकटू शकते, खाली दाबणाऱ्याने खालची. दोन्ही पीळ एकत्र असलेली बिट दोन्ही कडा सांभाळते. फर्निचरचा धंदा असेल तर घ्यावी. देवघराच्या दोन फळ्यांसाठी कार्बाइडची साधी सरळ दोन पाती पुष्कळ झाली.

चालवायची दिशाही सांगून ठेवतो, कारण पाकिटावर ती बाणाने दाखवतात आणि बाण नेहमी किमतीच्या चिठ्ठीखाली असतो. बाहेरच्या कडेने प्रदक्षिणेच्या उलट जायचं. सिंकसाठी कापलेल्या भोकासारख्या आतल्या कडेने प्रदक्षिणेच्याच दिशेने. असं चाललं तर पातं समोरून लाकडाला भिडतं आणि मशीन हातात राहतं. दिशा चुकली की मशीन पुढे पळायला लागतं.

मोठमोठ्या कारागिरांची बेरिंगं मरतात ती वयाने नाही, डिंकाने. सनमायक्याखालून पिळून निघालेला चिकट द्रव कडेला तसाच राहतो, बेरिंग त्यातून जातं आणि जाम होतं. जाम झालेलं बेरिंग पात्याच्याच वेगाने प्लायच्या कडेवर घासत सुटतं आणि काळी, जळकी रेघ मारत जातं. कड आधी फडक्याने पुसून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. मिस्त्रींना हे सांगितलं की "हो साहेब" म्हणतात आणि फडकं तंबाखूचे हात पुसायला वापरतात.

तेव्हा बिट घ्यायला निघालात तर मशीनचा प्लग काढा, कोलेट उघडा आणि ते खिशात घालून दुकानात न्या. शँक त्यात घालूनच बघा. पट्टी घरूनच न्या, प्रत्येक बिलबुकाखाली असतेच असं नाही. पातं कामाला पुरेल तेवढंच घ्या आणि पैसे वाचले तर त्यात जास्तीचं एक बेरिंग आणि डोळ्यांचा गॉगल घ्या. बिट मशीनमध्ये बसवताना शँक तळाला टेकेपर्यंत घालून दोन मिलिमीटर मागे ओढा, मगच नट आवळा. आणि फर्मा आधी घासा.