तिथी गुणिले पाऊण

"समुद्र बघूक फ्रान्साक? थंयचा पाणी काय गोडा आसा?"

माझा बेत ऐकल्यावर घरातून आलेली ही पहिली आणि शेवटची प्रतिक्रिया. मालवणात जन्मलेल्या माणसाने समुद्र बघायला विमानाचं तिकीट काढावं, याला बायकोच्या लेखी एकच नाव होतं आणि ते छापण्याजोगं नाही. पण टपाल खात्यात छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पाकिटं परदेशी रवाना केली होती. निवृत्तीनंतर एकदा तरी स्वतःवर शिक्का मारून घ्यावा असं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "जावा. मी येवचंय नाय." आणि बॅगेत दोन किलो खाजं भरलं. हे खाजं पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

जागा ठरवली ती नावामुळे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, समुद्राला अगदी चिकटून, सें-मालो नावाचं तटबंदीचं गाव आहे. तिथल्या माणसाला म्हणतात 'मालुआं'. भाच्याने पॅरिसहून फोनवर हा शब्द उच्चारून दाखवला तेव्हा मला तो स्वच्छ 'मालवण' असा ऐकू आला. मी म्हटलं, झालं, आपल्याच लोकांत चाललोय.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून गाडी पश्चिमेला सुटली. मालवणची एसटी कणकवली सोडायच्या आत शेजाऱ्याने गाव, आडनाव, पेन्शन आणि मुलाचं लग्न एवढं काढून घेतलेलं असतं. या गाडीत शेजारच्या बाईंनी सबंध प्रवासात माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेही माझा पाय त्यांच्या पिशवीला लागला म्हणून. एकट्याने प्रवास करणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे माणूस एकटा निघू शकतो, एकटा राहू शकत नाही.

संध्याकाळी साडेसातला गावाच्या तटावर उभा राहिलो. ऊन असं की दुपारचे चार वाटावेत. आणि समोर भर समुद्रात, किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, एक सिमेंटचा मनोरा उभा. त्याला शिडी, वर फळ्या. पोहण्याच्या तलावावर उड्या मारायला असतो तसला. फक्त तलाव नाही. सगळीकडे समुद्र आणि मध्ये हा उडीचा मनोरा. मी फोटो काढून बायकोला पाठवला आणि खाली लिहिलं, 'इथे सरकारी कामं आपल्यासारखीच होतात, मनोरा बांधला, तलाव राहिला.' दुसऱ्या दिवशी दुपारी तिथेच गेलो तर समुद्र कुठल्या कुठे मागे सरलेला आणि मनोऱ्याच्या पायाशी चांगला दगडी बांधाचा तलाव, काठोकाठ भरलेला, त्यात पोरं डुंबतायत. भरती आली की तलाव समुद्राच्या पोटात जातो, ओहोटीला बाहेर येतो आणि येताना पाणी भरून आणतो. नळाचं बिल नाही. मी फोटो पुन्हा काढला, पण तो पाठवला नाही.

खरं तर इथेच शहाणं व्हायला हवं होतं. सें-मालोच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला बारा मीटरच्या वर जातो, म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा वर येते. आमच्या मालवणात उधाणालाही पाणी दोन-अडीच मीटर चढतं. शेजारच्या रांस नदीच्या मुखाशी या लोकांनी 1966 साली भरतीच्या पाण्यावर चालणारं वीजकेंद्र उभारलं, 240 मेगावॅटचं. मी उतरलो होतो तिथल्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला भरतीच्या वेळांची छापील पुस्तिका दिली होती. त्यात प्रत्येक भरतीला वीस ते एकशेवीसच्या दरम्यान गुण दिलेले असतात, परीक्षेसारखे. पण पुस्तिका फ्रेंच आणि मी मालवणी. मला भरती शिकवणार? मी ती बॅगेत खाज्याच्या खाली ठेवली.

आधी गावाबद्दल सांगतो. गाव दिसायला चारशे वर्षांचं आणि वयाने माझ्या बरोबरीचं. ऑगस्ट 1944 मध्ये लढाईत ते जवळजवळ सगळं जळलं आणि लोकांनी ते पुन्हा जुन्याच धाटणीत, त्याच करड्या ग्रॅनाइटचं बांधून काढलं. तटावरून चालत पूर्ण फेरी मारता येते. वाटेत सुरकूफचा पुतळा लागतो. हा सरकारी परवान्याने जहाजं लुटणाऱ्यांतला इथला शेवटचा बडा माणूस. 1800 साली त्याने बंगालच्या उपसागरात इंग्रजांचं 'केंट' नावाचं जहाज धरलं होतं. पुतळ्याचा हात समुद्राकडे, थेट इंग्लंडच्या दिशेने रोखलेला. मला एकदम कान्होजी आंग्रे आठवले. इंग्रजांच्या वहीत दोघेही चाचे आणि आपापल्या गावात दोघांचेही पुतळे.

बेकरीतला प्रसंग थोडक्यात. आत शिरून मी नम्रपणे बोट दाखवून पाव मागितला. बाई म्हणाल्या, "बोंझूर." मी पुन्हा पाव मागितला. "बोंझूर." मागची रांग अस्वस्थ. तिसऱ्यांदा मी पैसे पुढे केले. बाईंनी माझ्याकडे, चपला घालून देवघरात शिरलेल्याकडे बघावं तसं बघितलं. तेव्हा ट्यूब पेटली. इथे आधी नमस्कार, मग गरज. तेवढा एक शब्द म्हटला आणि बाईंचा चेहरा असा उजळला की पाव कसा हवा, जास्त भाजलेला की कमी, हेही त्यांनी विचारलं. तेव्हापासून मी दिसेल त्याला बोंझूर म्हणू लागलो. एकदा एटीएमलाही म्हटलं.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी अगदी घरी होतो. इथे गालेत म्हणून एक पदार्थ मिळतो. काळपट कुट्टूच्या पिठाचं पातळ मिश्रण, बिडाच्या मोठ्या सपाट तव्यावर. पहिला दिसला तेव्हा मी ओरडलोच, घावन! पण करणाऱ्याने लाकडी टी-आकाराचं दांडकं घेतलं आणि ते पीठ गोल फिरवून पसरायला लागला, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. घावन पसरत नाहीत. घावन ओततात, वाटीने, आणि जाळी आपोआप पडते. पसरतात तो डोसा. हे त्या तरुणाला सांगायला माझ्याकडे फ्रेंच नव्हतं आणि त्याच्याकडे वेळ नव्हता. वर तो डुकराच्या मांसाचा काप, अंडं आणि चीज घालतो. मांस नको एवढं मी हातवाऱ्याने समजावलं. तव्याकडे बोट करून नाकाजवळ दोन बोटं फिरवली आणि डुकराचा आवाज काढला. समजलं. आजूबाजूच्या तीन टेबलांनाही समजलं.

गोडाला क्विन्यामान. ब्रेटन भाषेत क्विन्य म्हणजे केक, अमान म्हणजे लोणी. नावात लोण्याला निम्मा वाटा आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त वाटतो. तटाच्या कठड्यावर ठेवून पहिला घास घेणार तोच एक धिप्पाड समुद्रपक्षी आला आणि सगळंच घेऊन गेला. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवावा म्हणून तासतासभर हात जोडून उभं राहावं लागतं, हवं-नको विचारावं लागतं. इथे विचारायच्या आत पिंड गायब. माझ्या पूर्वजांपैकी कोणाची इच्छा लोण्यात अडकली होती, याचा मी अजून विचार करतोय.

आता तिसरा दिवस.

तटासमोर ग्रां बे नावाचं छोटं खडकाळ बेट आहे. ओहोटीला वाळूतून फरसबंद वाट उघडी पडते आणि चालत जाता येतं. बेटावर शातोब्रियां या लेखकाची समाधी आहे. जन्म याच गावचा, मृत्यू 1848 चा. समुद्राकडे तोंड करून साधा दगडी क्रूस, त्यावर नावही नाही. फक्त समुद्र आणि वारा ऐकू यावा म्हणून त्याने ही जागा मागून घेतली होती. मी लहानपणी ओहोटीला पद्मगडावर चालत जायचो, तेव्हा असल्या बेटांचं मला काय अप्रूप! आदल्या दिवशी वटपौर्णिमा होती, म्हणजे आज प्रतिपदा. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हिशोब येतो. तिथी गुणिले पाऊण. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे भरती साधारण पाऊणला, आणि पूर्ण ओहोटी सातच्या सुमारास. मी सव्वापाचला निघालो. पाणी ओसरतंय, आठपर्यंत रमतगमत परत.

वाटेच्या तोंडाशी एक पाटी होती. तिच्यावर बरंच काही लिहिलं होतं, लाटांचं चित्रही होतं. मी तिलाही बोंझूर म्हणून पुढे गेलो.

समाधीजवळ पोचलो तर दगडावर घडीची खुर्ची टाकून एक सत्तरीचे गृहस्थ बसलेले. हातात पुस्तक, शेजारी थर्मास. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते स्वागत होतं असं माझं तेव्हाचं मत. मी बोंझूर म्हटलं, बेटाला फेरी मारली, सिंधुदुर्गासारखा कुठला बुरूज दिसतो का ते पाहिलं. समोर फोर नासियोनाल हा किल्ला आहे, वोबां या दुर्गरचनाकाराच्या आराखड्यावर 1689 चा. आमचा सिंधुदुर्ग 1664 चा, म्हणजे पंचवीस वर्षांनी सीनियर. ही बातमी गृहस्थांना द्यावी म्हणून परत आलो. त्यांनी पुस्तकातून नजर न काढता वाटेकडे बोट दाखवलं.

वाट नव्हती.

जिथून आलो तिथे हिरवं पाणी, त्यावर फेस, आणि पलीकडे तटावर आइस्क्रीम खाणारी माणसं माझ्याकडे बघून हात हलवत होती. मी धावलो. गुडघ्यापर्यंत पाणी, पुढे कमरेपर्यंत होणार हे उघड दिसत होतं. मागून आवाज आला, इंग्रजीत. "मूस्यू, पाटीवर लिहिलंय ना? पाणी आलं तर बेटावरच थांबा."

"किती वेळ?"

"साडेअकरापर्यंत."

"पण प्रतिपदेला सात वाजता ओहोटी असते!" मी म्हटलं. वटपौर्णिमेपासून सुरुवात करून त्यांना सगळा हिशोब समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, चंद्र एकच आहे, पण पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळी पोचतं. इथे पौर्णिमेच्या आसपास भरती रात्री आठ-साडेआठला. शिवाय आमचं घड्याळ उन्हाळ्यात सूर्याच्या दोन तास पुढे असतं, दुपारी दोनला सूर्य माथ्यावर येतो. तेव्हा तुमची पाऊणकी इथे दोन्हीकडून बुडाली.

ओल्या विजारीने मी त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, तुम्हीही अडकलात वाटतं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग पुस्तक मिटून म्हणाले, "मी अडकत नाही. मी येतो." मोठ्या भरतीच्या संध्याकाळी ते वाट बुडायच्या आधी येऊन बसत. पुढचे सहा तास ना फोन घेत, ना कोणाशी बोलत. अशा संध्याकाळी वर्षात मोजक्याच मिळतात.

एवढं कळल्यावर दुसरं कोणी बेटाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसलं असतं. पण तीन दिवस मी बोंझूरपलीकडे कोणाशी बोललो नव्हतो. मी पिशवीतून खाजं काढलं.

बेसनाच्या कांड्या, वर गूळ आणि आलं. पहिली त्यांनी शंकेने घेतली, दुसरी मागून घेतली. तिसरीनंतर त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी पॅरिसपासून कोणीतरी विचारावा म्हणून वाट बघत होतो. तुम्ही कुठले?

"मालवण."

"नाही नाही," ते हसले, "मालुआं तर मी. तुम्ही कुठले?"

"मीच मालवण!"

हे बराच वेळ चाललं. शेवटी वाळूवर नकाशा काढायला गेलो तर वाळू पाण्याखाली, म्हणून खाज्याच्या पुडक्याच्या कागदावर काढला. त्यांनीही एक काढला, दक्षिण अटलांटिकचा. फॉकलंड बेटांना अर्जेंटिनात माल्व्हिनास म्हणतात, ते नाव याच गावच्या दर्यावर्दींवरून पडलेलं, फ्रेंचमध्ये मालुईन. मग मी कान्होजी सांगितले, त्यांनी सुरकूफ. मी घावन ओतून दाखवले, हवेत. दहा वाजता सूर्य बुडाला. साडेदहाला मी बायकोला फोन लावला, तिथे रात्रीचे दोन. "खंय असात?" मी म्हटलं, बेटावर, पाण्याने वेढलेला. ती म्हणाली, काल सात जन्मांसाठी फेऱ्या घातल्या, त्या मोजताना चूक तर नाही ना झाली. फोन ठेवला.

साडेअकराला वाट उघडी पडली. गृहस्थ खुर्ची घडी करून पुढे, मी मागे, अर्धा किलो खाजं कमी झालेलं. तटाच्या दरवाज्यात त्यांनी माझ्याकडून घरमालकीणबाईंची भरतीची पुस्तिका मागितली, काही पानं उलटली, पेनने सात-आठ तारखांभोवती गोल केले, खाली दोन ओळी खरडल्या आणि हात मिळवून निघून गेले.

पुढचे दिवस सरळ गेले. एक दिवस बसने कांकालला गेलो. तिथे बंदराच्या धक्क्यावर कालवं कच्ची खातात, लिंबू पिळून, आणि शिंपल्या तिथेच किनाऱ्यावर भिरकावतात. आमच्याकडे बाया ओहोटीला खडकांवरून कालवं फोडून आणतात, आणि आलं-लसूण-खोबऱ्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. मी डोळे मिटून एक गिळलं. लहानपणी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर लाट नाकातोंडात गेली होती, तीच चव. समोर आखातापलीकडे, धुक्यात, मों सें-मिशेलचा सुळका दिसत होता. बाकीची अकरा शेजारच्या जोडप्याला दिली, बोंझूर म्हणून.

निघायच्या आदल्या रात्री घरमालकीणबाईंना पुस्तिका परत द्यायला गेलो. मी अभिमानाने सांगितलं, इथल्या एका मालुआं मित्राने मला बेटावर येण्याचं वर्षभराचं निमंत्रण दिलंय, तारखांसकट. बाईंनी चष्मा लावून त्या दोन ओळी वाचल्या. मग दुसऱ्यांदा वाचल्या. मग हसायला लागल्या, त्या खुर्चीचा हात धरेपर्यंत.

बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी अर्थ सांगितला. या तारखांना कृपया दुसरं बेट बघा. खाजं टपालाने चालेल.