आठ सेकंद बसून दाखवा

रोडिओ शिकायचा तर सुरुवात घोड्यापासून करू नका, नोकरी जाण्यापासून करा. अमेरिकेतल्या गुराख्यांनी तशीच केली. टेक्सासातून हजारो गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायची, हा त्यांचा धंदा. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, मोकळ्या माळांना कुंपणं पडत गेली, रेल्वे कुरणांच्या जवळ सरकली आणि गुरं हाकणाऱ्यांचं काम आटलं. बुजरा घोडा वठणीवर आणणं, पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकणं ही कला तेवढी अंगात उरली. मग तिलाच तिकीट लावलं, आणि त्या खेळाचं नाव पडलं रोडिओ.

कला तरी कुणाची? 'रोडिओ'चा मूळ शब्द स्पॅनिश: 'रोदेआर', म्हणजे वेढणं, गुरं घेरून आणणं. दोर, खोगीर, फास टाकायची तऱ्हा हे सगळं मेक्सिकोच्या वाकेरोंचं, म्हणजे तिथल्या गुराख्यांचं. सिनेमातल्या गोऱ्या काउबॉयला हे विचारू नका, तो ऐकणार नाही.

पहिला रोडिओ कुठे झाला हेही विचारू नका. कोलोरॅडोतलं डिअर ट्रेल १८६९ सांगतं, टेक्सासचं पेकॉस १८८३, ॲरिझोनाचं प्रेस्कॉट १८८८. तारीख तिघांचीही ४ जुलै. राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी रोजचंच काम हौसेने करणारी ही माणसं!

आता वळूवर बसा. वेसण नाही, कासरा नाही. वळूच्या छातीभोवती आवळलेला एक दोर असतो, तो एका हाताने धरायचा. दुसरा हात हवेत. तो वळूला किंवा स्वतःला लागला की बाद. आठ सेकंद टिकलात तर शंभरपैकी गुण मिळतात, पण त्यातले निम्मे वळूच्या उड्यांचे. गरीब वळू वाट्याला आला तर खुशाल मांडी घालून बसा, बक्षीस मिळायचं नाही.

त्याच्या पाठीवरचं वशिंड ओळखीचं वाटेल. रोडिओतल्या बऱ्याच वळूंमध्ये 'ब्राह्मन' जातीचं रक्त असतं (हसू नका, तिकडे हेच नाव आहे), आणि ही जात गीर, कांक्रेज, ओंगोल, कृष्णा खोऱ्यातली अशा भारतीय गुरांपासून तयार झाली. तेव्हा तुम्हाला लोळवणारा नात्यातलाच निघू शकतो.

उतरायचं कसं, हे मात्र नीट शिका. १९८९ मध्ये शायेनच्या रोडिओत लेन फ्रॉस्ट या स्वाराने आठ सेकंद पुरे केले, खाली उतरला, आणि वळूने मागून धडक दिली. तो वाचला नाही. जाड संरक्षक जाकीट त्यानंतर रुळलं.

बिल पिकेटची नक्कल करू नका. टेक्सासचा हा काळा काउबॉय धावत्या बैलाची शिंगं धरायचा, त्याचा ओठ दातांत पकडायचा आणि त्याला आडवा करायचा. बैल लोळवण्याचा खेळ त्याच्यामुळे लोकप्रिय झाला. त्याच्या रंगामुळे अनेक ठिकाणी त्याला स्पर्धेत उतरूच देत नसत, हे सांगताना निवेदकाचा आवाज नेमका खाली जातो.

खिशात पैसे ठेवा. कामावर यायला स्वतःच पैसे भरावे लागतात असा हा धंदा आहे. प्रवेश फी भरायची आणि बक्षीस मात्र तुटपुंजं, म्हणून १९३६ मध्ये बॉस्टनला काउबॉयनी संप केला आणि संघटना काढली. तिच्या नावात चक्क कासव: काउबॉयज टर्टल असोसिएशन. जमायला उशीर झाला, पण शेवटी मान बाहेर काढली, असा खुलासा तेच करत.

हे सगळं वाचून वय आडवं येतंय असं वाटलं तर पोराला पाठवा. शाळकरी मुलांची राष्ट्रीय रोडिओ संघटना १९४९ पासून आहे, आणि त्याहून लहानांसाठी मेंढी. पाच-सहा वर्षांचं पोर डोक्यावर हेल्मेट घालून मेंढीच्या पाठीवर पालथं पडतं आणि लोकर मुठीत धरतं. फाटक उघडतं, मेंढी कळपाकडे सुटते. सहा सेकंद पुरतात. बहुतेक पोरं त्याआधीच गळतात, तोंडातली माती थुंकतात आणि रिबिन घेऊन येतात. अर्जावर पालकांची सही लागते. मेंढीची कुणी मागत नाही.